दापोलीतील घरचा पोहण्याचा तलाव: नळकाम आणि वीजकाम करणाऱ्या पथकाच्या सेवेचे परीक्षण

दापोली तालुक्यातील आमच्या वाडीत, वडिलोपार्जित घराच्या मागच्या आगरात, आम्ही आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद असा पोहण्याचा तलाव बांधला. खोदाई, सळई आणि काँक्रीट ही कामे गावातल्याच गवंड्यांनी माझ्या देखरेखीखाली केली. नळकाम आणि वीजकाम मात्र चिपळूणहून येणाऱ्या चार जणांच्या एका पथकाकडे सोपवले. हे परीक्षण त्या पथकाच्या सेवेचे आहे. आपली नावे छापू नयेत अशी त्यांची विनंती असल्याने ती येथे देत नाही. तलाव वापरात येऊन आता वर्ष होत आले आहे आणि कोकणातला एक पूर्ण पावसाळा त्यावरून गेला आहे, त्यामुळे जे लिहितो ते पहिल्या आठवड्याच्या आनंदात लिहिलेले नाही.

त्यांच्याआधी दुसऱ्या एका कंत्राटदाराला बोलावले होते. त्याने जागा पाहिली, अर्ध्या तासात एकरकमी दर सांगितला आणि मी विचारलेल्या प्रश्नांना ‘सगळीकडे असेच करतात’ एवढेच उत्तर दिले. सगळे पाइप पन्नास मिलिमीटरचे, तळाला पाणी ओढणारे एकच तोंड आणि पाण्याखालचे दिवे थेट २३० व्होल्टचे, अशी त्याची योजना होती. त्या वेळी मला त्यात नेमके काय चुकते आहे हे सांगता आले नसते. पण ज्या पाण्यात घरातली मुले उतरणार त्या पाण्यात घरातली वीज जशीच्या तशी जाणार, या कल्पनेनेच मी ते काम दिले नाही.

चिपळूणच्या पथकाचे प्रमुख साठीच्या जवळ आलेले मिस्त्री आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी दराचा विषय काढलाच नाही. त्यांनी विहिरीची पाण्याची पातळी विचारली, पावसाळ्यात आगरात पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे माझ्या आईकडून समजून घेतले, संध्याकाळचा वारा कोणत्या बाजूने येतो ते विचारले आणि मग वहीत आकडेमोड केली. तलावाची सरासरी खोली एक मीटर पस्तीस सेंटिमीटर, म्हणजे पाणी सुमारे ४३ हजार लिटर. हे सगळे पाणी चार तासांत एकदा फिल्टरमधून जावे असे धरले तर ताशी साधारण ११ हजार लिटरचा प्रवाह लागतो, आणि त्यासाठी एक अश्वशक्तीचा पंप व ६०० मिलिमीटर व्यासाचा वाळूचा फिल्टर पुरेसा होतो. मी दीड अश्वशक्तीचा पंप घ्यावा का असे विचारले, तेव्हा त्यांनी नकार दिला. मोठ्या पंपाने त्याच फिल्टरमधून पाणी जोरात ढकलले तर वाळूला घाण धरून ठेवायला अवधी मिळत नाही आणि पाणी गढूळच परत येते, हे त्यांनी समजावून सांगितले. स्वतःचे बिल कमी करणारा सल्ला कंत्राटदाराकडून मिळणे दुर्मीळ असते, आणि माझा विश्वास तिथेच बसला.

पाइपांच्या बाबतीत मात्र ते खर्च वाढवायला तयार होते. ओढणीचे, म्हणजे तलावातून पंपाकडे पाणी नेणारे पाइप ६३ मिलिमीटरचे आणि परतीचे, म्हणजे पाणी तलावात परत आणणारे ५० मिलिमीटरचे, असा त्यांचा आग्रह होता. ताशी ११ हजार लिटर पाणी पन्नासच्या पाइपातून ओढले तर त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास जातो; त्रेसष्टच्या पाइपात तोच वेग सव्वा मीटरपेक्षा खाली राहतो. ओढणीच्या बाजूला वेग जितका जास्त तितका पंपावरचा ताण जास्त, शिवाय एखादा सांधा किंचित जरी सैल असला तरी तिथून हवा आत खेचली जाते. काटकोनी एल्बोऐवजी जिथे जागा होती तिथे त्यांनी लांब बेंड वापरले. पाइप पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस ४९८५ या भारतीय मानकाचे चिन्ह असलेलेच आणले आणि ते चिन्ह मला प्रत्येक नळीवर दाखवले.

तळाच्या तोंडांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ही गोष्ट सुरक्षेची आहे आणि घरच्या तलावात ती सर्रास दुर्लक्षिली जाते. तळाशी पाणी ओढणारे एकच तोंड असेल आणि त्यावर लहान मुलाचे शरीर किंवा केस टेकले, तर पंपाची सगळी ओढ त्या एका जागी येते आणि मोठ्या माणसालाही ते मूल सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ साली ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशाच ओढीत अडकून मरण पावली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात होती. तिच्या आईने नेटाने पाठपुरावा केला आणि २००७ साली तिच्या नावाचा कायदा तिथे संमत झाला. आमच्या मिस्त्रींना हा इतिहास ठाऊक नव्हता, पण त्यातून निघालेली पद्धत ते न चुकता पाळतात: दोन तोंडे एकमेकांपासून मीटरभराहून दूर, दोन्ही एकाच पाइपाला मधोमध जोडलेली, आणि दोन्हींवर फुगीर जाळी. एक तोंड झाकले गेले तरी पाणी दुसऱ्यातून येते आणि ओढ बसत नाही. पंप चालू असताना मी स्वतः पाण्यात उतरून एका जाळीवर तळहात ठेवून पाहिला. हात सहज निघाला. ही चाचणी त्यांनी पाण्याबाहेर उभे राहून, पंपाच्या बटणावर हात ठेवून करवून घेतली, हेही नोंदवण्यासारखे आहे.

वाऱ्याचा प्रश्न त्यांनी का विचारला होता हे नंतर कळले. आमच्याकडे दुपारनंतर वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि पृष्ठभागावरची आंब्याची पाने पूर्वेच्या भिंतीकडे सरकवतो. म्हणून पृष्ठभागावरचा कचरा ओढणारा स्किमर पूर्वेला बसवला आणि परतीची चार तोंडे पश्चिमेच्या भिंतीत ठेवली, म्हणजे वारा आणि पंप दोघेही पाने एकाच दिशेला ढकलतात. मार्च-एप्रिलमध्ये आंब्याची पानगळ सुरू असतानाही जाळीने पाने काढावी लागली नाहीत असे दिवस बरेच होते.

काँक्रीट ओतण्याआधी सगळ्या पाइपांची तोंडे बंद करून त्यांत दोन किलोचा दाब भरला आणि चोवीस तास तसाच ठेवला. काटा हलला नाही. मला वाटले, चाचणी संपली. मिस्त्रींनी मात्र दाब तसाच ठेवून, दाबमापक सर्वांना दिसेल असा बांबूला बांधून, त्याच स्थितीत काँक्रीट ओतायला सांगितले. “काका, पंप बदलता येईल, मोटर बदलता येईल. काँक्रीटमधला पाइप तुमच्या नातवालाही बदलता येणार नाही,” असे ते म्हणाले. दुपारी एकच्या सुमारास काटा एकदम खाली आला. सळईच्या जाळीत पहार सरकवताना परतीच्या एका पाइपाला चीर गेली होती. काँक्रीट त्या जागेपासून अजून दोन हात लांब होते. गवंड्यांना तलावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवून त्यांनी तेवढा तुकडा कापला, नवा जोड बसवला, सोल्युशन सुकायला पुरेसा वेळ दिला आणि पुन्हा दाब भरून, काटा स्थिरावल्यावरच त्या बाजूला काँक्रीट येऊ दिले. तो दाब तिथे ठेवला नसता तर ही चीर आम्हाला तलाव भरल्यावर, पाणी रोज थोडे थोडे का उतरते याचा शोध घेताना कळली असती, आणि तोवर तिच्यावर काँक्रीट, जलरोधक थर आणि फरशी बसलेली असती. या एका दुपारसाठी मी त्यांची मजुरी दुप्पट दिली असती तरी मला ती जास्त वाटली नसती.

भिंतीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाइपावर त्यांनी पडल फ्लँज बसवली. पाइपाच्या गुळगुळीत अंगावरून पाणी झिरपत बाहेर येऊ नये म्हणून काँक्रीटमध्ये रुतणारी ही कड असते. तळाखाली खडीचा थर देऊन त्यात छिद्रांचा पाइप टाकला आणि तो एका तपासणी-कुंडीत सोडला. जांभ्याच्या जमिनीत जुलैमध्ये पाणी किती वर येते हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. तलाव त्या दिवसांत रिकामा असेल तर खालचे पाणी संपूर्ण टाकीला वर उचलू शकते. म्हणून तळातल्या कुंडीत बाहेरचा दाब वाढल्यास आपोआप उघडणारा व्हॉल्व्हही बसवला आहे, आणि पावसाळ्यात तलाव कधीही पूर्ण उपसायचा नाही अशी ताकीद पंपघराच्या भिंतीवर रंगवून ठेवली आहे. जुलैमध्ये मी तपासणी-कुंडीचे झाकण उघडून पाहिले तेव्हा पाइपातून पाण्याची जाड धार वाहत होती.

वीजकाम पथकातल्या तरुण वीजतंत्र्याने केले. त्याच्याकडे परवाना होता आणि तो त्याने न मागता दाखवला. त्याने आधी घरातला मीटर आणि मुख्य फलक तपासला, मग जमिनीवर चुन्याने दोन रेषा आखल्या. पहिली तलावाच्या काठापासून दोन मीटरवर, दुसरी त्याच्याही पुढे दीड मीटरवर. आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांत तलावाभोवतीची जागा अशा टप्प्यांत विभागलेली आहे: खुद्द पाणी, त्याभोवतीचे दोन मीटर आणि त्यापुढचे दीड मीटर. पाण्यात फक्त बारा व्होल्टपर्यंतची, सुरक्षित ट्रान्सफॉर्मरमधून वेगळी केलेली प्रत्यावर्ती वीज चालते. दोन्ही रेषांच्या पलीकडे, काठापासून पाच मीटरवर, पंपघर बांधायला त्याने सांगितले. आम्ही ते तलावाला लागून बांधणार होतो, कारण पाइप वाचले असते. त्याने ऐकले नाही, आणि ते बरे झाले.

पंपघरातल्या फलकात वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, पंपासाठी प्रमाणाबाहेर प्रवाह वाढल्यास पुरवठा तोडणारी स्वतंत्र एमसीबी आणि व्होल्टेज फार खाली आल्यास पंप थांबवणारे उपकरण आहे. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज दोनशेच्या खाली उतरते, आणि अशा वेळी चालणारी मोटर जास्त प्रवाह ओढून तापते. घरापासून पंपघरापर्यंतची चाळीस मीटरची केबल चार चौरस मिलिमीटर तांब्याची, जमिनीखालून आणि वर विटांचा थर देऊन नेली आहे. फलकाची पेटी पत्र्याची न घेता पॉलिकार्बोनेटची घेतली, कारण खाऱ्या हवेत पत्रा दोन पावसाळेही टिकत नाही.

काँक्रीट ओतण्याआधी त्याने तळाच्या आणि भिंतींच्या सळईला चारही कोपऱ्यांत तांब्याची तार जोडली, शिडीच्या पायांची खोबणी आणि पंपाचा सांगाडाही त्याच तारेला आणून बांधला. हे आणि अर्थिंग एकच नव्हे, हे त्याने माझ्या पत्नीला फार छान समजावले. वहिनी, असे म्हणून त्याने सांगितले की ओल्या अंगाने शिडी धरलेल्या माणसाचा हात आणि पाण्यातला पाय यांच्यात विजेच्या दाबाचा फरकच राहू नये, यासाठी ही बांधणी असते. सगळेच एका पातळीवर असेल तर शरीरातून वीज वाहायला कारण उरत नाही. अर्थिंगसाठी तीन मीटरचा एक रॉड घातला तेव्हा कोरड्या जांभ्यात मोजणी ११ ओहम आली. त्याने सहा-सहा मीटर अंतरावर आणखी दोन रॉड घालून ती चारच्या आसपास आणली. मोजणी त्याने डिसेंबरात न करता मुद्दाम एप्रिलमध्ये, जमीन सर्वांत कोरडी असताना केली.

आता जिथे हे पथक कमी पडले ते लिहितो. पाण्याखालच्या दोन दिव्यांसाठी त्यांनी आधी दीड चौरस मिलिमीटरची केबल ओढली होती. घरातल्या २३० व्होल्टच्या दिव्यांना ती पुरून उरते, पण बारा व्होल्टवर गणित बदलते. अठरा-अठरा वॉटचे दोन दिवे मिळून तीन अँपिअर घेतात, आणि बावीस मीटरच्या अंतरात जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच गळतात. दिवे पिवळसर मिणमिणत होते. मी मीटर लावायला सांगितला तेव्हा दिव्याजवळ १०.१ व्होल्ट आले. वीजतंत्र्याने चूक तिथल्या तिथे मान्य केली, केबल सहा चौरस मिलिमीटरची केली आणि केबलची किंमत स्वतः सोसली. आता दिव्याजवळ साडेअकरा व्होल्ट मिळतात. चूक सुधारली याचे समाधान आहे, पण जो माणूस काठापासूनची अंतरे चुन्याने आखतो त्याने ही आकडेमोड आधी करायला हवी होती. केबल ओढण्याजोगे नळकांडे मोठे होते म्हणून फरशी फोडावी लागली नाही, एवढे श्रेय मात्र त्यालाच आहे.

दुसरी तक्रार कागदांची. कोणता पाइप कुठून गेला, कोणता व्हॉल्व्ह कशाचा, याचा नकाशा त्यांनी आपणहून दिला नाही. मी तीनदा आठवण केल्यावर हाताने काढलेला एक कागद मिळाला, तोही फक्त नळकामाचा. तलावाच्या तळाला कोणी उद्या भोक पाडायचे ठरवले तर त्याला माझ्या मोबाइलमधल्या छायाचित्रांवर विसंबावे लागेल. ती मी काँक्रीटच्या आदल्या दिवशी टेप लावून काढली होती, आणि हे काम करवून घेणाऱ्या प्रत्येकाने ती काढावीत. कामाला ठरल्यापेक्षा तीन आठवडे जास्त लागले. त्यांतला एक आठवडा आमच्या गवंड्यांमुळे गेला, दोन त्यांच्यामुळे. दर २ लाख ६० हजार ठरला होता, अंतिम बिल २ लाख ९४ हजारांचे झाले. वाढीतले बरेचसे पैसे जादा रॉड आणि पंपघर लांब गेल्यामुळे वाढलेल्या पाइपांचे होते आणि ते मला मान्य आहेत, पण ट्रान्सफॉर्मर मूळ दरात धरलेलाच नव्हता, हे आधी सांगायला हवे होते.

फिल्टरची वाळू धुतल्यावर निघणारे पाणी ते मागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडणार होते. दाबमापकाचा काटा नेहमीपेक्षा अर्ध्या किलोने वर गेला की फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवावा लागतो, आणि एका वेळी पाचशे-सहाशे लिटर क्लोरिनयुक्त पाणी बाहेर पडते. पऱ्यातले पाणी खालच्या वाडीतली गुरे पितात. मी हरकत घेतल्यावर त्यांनी शोषखड्डा करून दिला, वाद घातला नाही.

त्यांच्या सेवेची खरी परीक्षा जुलैत झाली. सलग तीन दिवसांच्या पावसानंतर आरसीसीबी वारंवार पडू लागली. गावातल्या एका ओळखीच्या माणसाने ती बाजूला काढून थेट जोडणी करून देण्याची तयारी दाखवली. आरसीसीबी पडते याचा अर्थ वीज कुठेतरी गळते आहे, आणि ती कुठे गळते हे कळेपर्यंत पंप बंद ठेवणे एवढेच माझ्या हातात होते. मी तेच केले. वीजतंत्र्याला फोन केला, तो दुसऱ्या दिवशी भर पावसात बसने आला. पंपाच्या जोडपेटीत केबल जिथे शिरते तिथली ग्लँड, म्हणजे केबलभोवतीची फट बंद करणारा आवळता भाग, नीट आवळलेली नव्हती आणि केबलवरून ओघळणारे पाणी आत जात होते. त्याने ग्लँड बदलली, केबलला पेटीच्या खाली झोळ दिला, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडेल, आणि पेटी वाळवून इन्सुलेशन मोजून दाखवले. येण्या-जाण्याचे भाडे सोडून काही घेतले नाही. तेव्हापासून आरसीसीबी आपणहून एकदाही पडलेली नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिचे चाचणीचे बटण दाबतो, तेव्हा मात्र ती लगेच पडते.

पंप दिवसातून सहा तास, सकाळी आणि दुपारी तीन-तीन तास, टायमरवर चालतो. त्याचे दिवसाला साडेसहा युनिटांच्या आसपास जळतात, महिन्याला सुमारे दोनशे. घरच्या तलावाचा खर्च बांधकामापाशी संपत नाही, हा हिशोब मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत वहीच्या शेवटच्या पानावर करून दिला होता आणि तो बरोबर निघाला. माझ्या दोन्ही नाती याच तलावात पोहायला शिकल्या. धाकटी तळाशी जाऊन जाळीवरचे पान उचलून आणते, आणि ती खाली असताना मी निर्धास्त उभा राहू शकतो.

दिवाळीनंतर पथक पुन्हा येणार आहे. फिल्टरच्या दाबमापकाची काच खाऱ्या हवेने आतून धुरकट झाली आहे, ती बदलायची आहे, आणि वीजकामाचा राहिलेला नकाशा त्या वेळी हातात पडल्याशिवाय मी राखून ठेवलेले शेवटचे दहा हजार रुपये द्यायचे नाहीत असे आमच्यात ठरले आहे.